वीतभर मागे गेलेली मूठ

मित्रांनो, मी आता रिकामा आहे. अंगावरचा लाल रंग एका बाजूने करपून काळा पडलाय, आणि दाबाचा काटा शून्यावर जो टेकला तो पुन्हा उठला नाही. मला पाहून कुणालाही वाटेल, हे भंगार कुणी आणि कशाला जपून ठेवलंय? पण एके काळी मी एका छोट्या रेसच्या गाडीतला आग विझवणारा बाटला होतो. पाच वर्षं मी त्या गाडीत नुसता बसून होतो. माझं खरं काम झालं ते जेमतेम वीस सेकंदांचं. त्या वीस सेकंदांच्या आधी जे पंधरा सेकंद हातचे गेले, त्यांचं दुःख मला अजून सोडत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. जाड पत्र्याला दाबून गोल आकार दिला, तळ जोडला, मान बसवली. मग मला पाण्याच्या हौदात बुडवून आत दाब भरला. माझ्याबरोबरच्या एका भावंडातून बारीकसा बुडबुडा निघाला, तर त्याला तिथल्या तिथे बाजूला काढलं. माझ्यातून काही निघालं नाही. तपासणाऱ्या बाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाल्या, "हा टिकेल." मग माझ्या पोटात फेसाचं पाणी आणि दाबाचा वायू भरला. काटा उठला आणि हिरव्या पट्ट्यात जाऊन थांबला. माझ्याबरोबर खोक्यात एक लांब नळी होती, फेस फवारणाऱ्या दोन तोट्या होत्या आणि दोन तारा. प्रत्येक तारेच्या टोकाला एक मूठ. कुठलीही मूठ ओढली की माझं तोंड उघडायचं. एवढं सोपं होतं सगळं.

खोकं उघडलं ते टायरच्या दुकानामागच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये. तिथे तीन माणसं होती, एकाच घरातली. दादा इंजिनाचं काम बघायचे. त्यांची धाकटी बहीण वेल्डिंग, वायरिंग आणि गाडीत जे जे बसवायचं ते सगळं बघायची. आणि गाडी पळवायच्या त्या दादांच्या बायको, म्हणजे वहिनी. एरवी वहिनी दुकानांच्या पाट्या रंगवत. त्यांचा हात इतका स्थिर होता की शिडीवर उभ्या राहून, पट्टी न लावता सरळ रेघ ओढायच्या. नणंदेला त्या थट्टेने 'वन्सं' म्हणायच्या आणि मुद्दाम अहो-जाहो करायच्या. नणंद वयाने चार वर्षांनी लहान, त्यामुळे ती आधी चिडायची, मग तिला त्याची सवय झाली. ऐकून ऐकून मीही त्यांना वन्संच म्हणू लागलो.

मला हातात तोलून बघत दादा म्हणाले, "अगं, हे तर चांगलंच जड आहे. आम्ही इकडे पावशेर-पावशेर वजन कमी करतोय आणि तू हा धोंडा आणून ठेवलास."

"वजन कमी करायचंय ना? मग तू रात्रीचा दुसऱ्यांदा भात घेणं सोड," वन्सं म्हणाल्या.

"गाडी मी कुठे चालवतो?"

"तेच तर. चालवते ती काही बोलत नाहीये."

वहिनी खुर्चीवर बसून ब्रश धूत होत्या. त्या नुसत्या हसल्या.

मला बसवायला वन्संनी पूर्ण दोन दिवस घेतले. गाडीच्या तळाचा पत्रा पातळ होता. त्यात नुसते स्क्रू मारून भागलं असतं, पण जोराची धडक बसली की मी तिथून उखडून गोळ्यासारखा उडालो असतो. म्हणून त्यांनी खालून जाड पट्ट्या वेल्ड केल्या, त्यांत बोल्ट घातले आणि दोन पोलादी पट्ट्यांनी मला आडवा आवळला. मग दोन्ही हातांनी धरून मला इतक्या जोरात हलवलं की अख्खी गाडी हलली. मी हललो नाही. एक तोटी इंजिनाकडे वळवली, दुसरी वहिनींच्या पायांकडे आणि मांडीकडे. "तोंडावर नको," त्या स्वतःशीच पुटपुटत होत्या, "तोंडावर फेस आला तर घाबरून श्वास आत ओढेल." इंजिन आणि माणूस यांच्यामधल्या पत्र्यातून नळी न्यायला पाडलेल्या भोकात त्यांनी रबर घातलं आणि कडेने आग न धरणारा मसाला भरला. तारांना कुठे तीव्र वळण येणार नाही याकडे त्यांचं फार लक्ष होतं. एक मूठ बाहेर, समोरच्या काचेच्या खाली आली. तिच्याभोवती वहिनींनी लाल वर्तुळ आणि बाण रंगवला. रेघ कुठेही हलली नव्हती.

दुसरी मूठ आत बसवायची होती. तिथे वन्संनी सगळ्यांचा जीव खाल्ला. वहिनींना पूर्ण पोशाखात सीटवर बसवलं, हेल्मेट घातलं, हातमोजे घातले, छातीवरच्या पट्ट्या करकचून आवळल्या.

"आता डोळे मीट आणि हात टाक. जिथे हात आपसूक पडेल तिथे मूठ बसवणार."

गाडी परदेशी बनावटीची, तिचं स्टिअरिंग डावीकडे होतं; त्यामुळे वहिनींचा उजवा हात गिअरच्या दांड्याशेजारी पडला. वन्संनी खडूने खूण केली.

"पुन्हा."

पुन्हा तिथेच पडला.

"वन्सं, मला श्वास घेता येत नाहीये हो."

"आगीत त्याहून कमी येईल. पुन्हा."

वीस वेळा तो हात त्याच खुणेवर पडला, तेव्हा कुठे वन्संनी पट्ट्या सैल केल्या. मूठ तिथेच बसली. पुढे प्रत्येक शर्यतीच्या आधी हा खेळ व्हायचा. डोळे मिटायचे, हात टाकायचा, मूठ हाताला लागायची. मग वन्सं माझ्या मानेतली सुरक्षेची पिन काढायच्या, म्हणजे मूठ ओढली की मी लगेच उघडेन. शर्यत संपली की पिन परत जागेवर.

मित्रांनो, माझ्यासारख्याचं सुख विचित्र असतं. माझी गरज पडली नाही की सगळे आनंदात. पाच वर्षं आमची गाडी पळाली. कधी पहिली आली, कधी शेवटून दुसरी. दर दोन वर्षांनी वन्सं मला काढून तपासायला पाठवत. तिथून मी ताजा होऊन परत येई. शर्यतीच्या ठिकाणी एक तपासनीस असायचे, चष्मा कपाळावर चढवलेले. ते वाकून माझ्याकडे बघत आणि म्हणत, "कुणी बसवलाय हा? बाकीच्यांना दाखवायला पाहिजे." तेव्हा वन्संचे कान लाल होत. मला फार बरं वाटे.

मग सहाव्या वर्षी दोन गोष्टी एका मागोमाग झाल्या.

पहिली म्हणजे, दूरच्या गावी राहणारे बाबा, दादा-वन्संचे वडील, न्हाणीघरात घसरून पडले आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. कुणीतरी जाऊन राहणं भाग होतं. दादा जायला निघाले होते. वन्संनीच अडवलं. "शर्यती तोंडावर आल्यात. इंजिन माझ्याने होणार नाही. तू थांब, मी जाते." जाताना त्यांनी एका वहीच्या पानावर काय काय बघायचं ते लिहून भिंतीला चिकटवलं. ते पान मला बसल्या जागेवरून दिसायचं.

दुसरी गोष्ट म्हणजे नवी सीट. वहिनींची पाठ दुखायची, म्हणून दादांनी खोल, खांद्यांना आणि डोक्याला दोन्हीकडून धरणारी सीट आणली. सीट चांगलीच होती. दादांनी ती प्रेमाने आणली होती, हे मी शपथेवर सांगेन. पण तिची कड गिअरच्या दांड्याशेजारी नेमकी मुठीवर येत होती. मूठ हलवल्याशिवाय सीट बसेना. शर्यत तीन दिवसांवर होती आणि इंजिन अजून उघडं पडलं होतं.

दादांनी मूठ सोडवली. इकडे धरून बघितली, तिकडे धरून बघितली. शेवटी उजव्या खांद्याच्या मागे, गाडी उलटली तर माणूस चिरडू नये म्हणून असलेल्या पिंजऱ्याच्या लोखंडी नळीला, प्लास्टिकच्या पट्टीने ती बांधून टाकली. मग सीटवर बसले, हात मागे नेला, मुठीला लावला.

"तात्पुरतं आहे," ते म्हणाले. शेडमध्ये दुसरं कुणी नव्हतं. म्हणजे ते मलाच म्हणाले असणार.

त्याच दुपारी वन्संचा फोन आला. दादांचे हात ग्रीसने भरले होते, म्हणून फोन डॅशबोर्डवर ठेवून ते मोठ्याने बोलत होते.

"बाबा कसे आहेत?"

"आज चार पावलं चालले. मला शिव्या घातल्या, म्हणजे बरे आहेत. सीट बसली?"

"बसली. झकास."

"मूठ आड आली असेल."

"थोडी मागे घेतली."

"हात पोचतो ना?"

"पोचतो गं."

"नक्की ना, दादा?"

"अगं, आत्ताच बसून बघितलं. पोचतो म्हणजे पोचतो. तू तिकडचं बघ."

मित्रांनो, दादा खोटारडे नव्हते. त्यांचा हात खरंच पोचला होता. पण ते पट्ट्या न बांधता बसले होते, आणि त्यांचा हात वहिनींपेक्षा वीतभर लांब होता. मला हे सगळं दिसत होतं. मला तोंड होतं, पण ते फक्त फेसासाठी.

रात्री जेवायला बोलवायला वहिनी शेडमध्ये आल्या. "सीटवर बसून बघतेस का?" दादांनी विचारलं. वहिनींच्या हाताला रंग लागलेला होता, दिवसभर शिडीवर उभ्या राहून पाय भरून आले होते. "आता नको, नव्या सीटला रंग लागेल. रविवारी बसायचंच आहे की," त्या म्हणाल्या. रविवारी शर्यतीच्या ठिकाणी तपासणीला गाड्यांची ही भलीमोठी रांग होती. तपासनीसांनी काटा बघितला, तारीख बघितली. "आतली मूठ?" दादांनी खांद्यामागे बोट दाखवलं. तपासनीसांच्या कपाळावर आठी आली. पण मागून कुणीतरी भोंगा वाजवला, आणि त्यांनी कागदावर सही केली. पिन दादांनी काढली. डोळे मिटून हात टाकायचा खेळ त्या दिवशी झाला नाही. तो खेळायला लावणारं माणूसच तिथे नव्हतं.

चौथ्या फेरीत डावीकडच्या वळणावर मागच्या गाडीने आमच्या मागच्या कोपऱ्याला धक्का दिला. आम्ही गरकन फिरलो आणि वहिनींच्या दाराच्या बाजूने भिंतीवर आदळलो. मी जागचा हललो नाही. वन्संचे बोल्ट तसेच घट्ट होते. पण तळाखालून जाणारी पेट्रोलची नळी जोडापाशी तुटली. आधी वास आला. मग गाडीच्या खालून, गिअरच्या दांड्याच्या फटीतून, पिवळी जीभ वर आली.

वहिनी शुद्धीवर होत्या. काय करायचं ते त्यांना माहीत होतं. आधी मूठ, मग पट्ट्या, मग बाहेर. त्यांचा उजवा हात पडला. थेट गिअरच्या दांड्याशेजारी, वीस वेळा आणि त्यानंतर प्रत्येक शर्यतीला जिथे पडला होता तिथे. तिथे आता मूठ नव्हती. तिथे आग होती.

त्यांनी हात मागे घेतला आणि पुन्हा तिथेच घातला. विश्वासच बसत नव्हता त्यांचा. आगीत हात घालून त्या मला शोधत होत्या, मित्रांनो. तिसऱ्या वेळी त्यांना आठवलं असावं. हात खांद्यामागे वळला. पण छातीवरच्या पट्ट्यांनी खांदा जखडलेला. हातमोज्याची टोकं मुठीला लागली, मूठ थोडी हलली, आणि निसटली. मी माझ्या जागी भरलेला, दाबाने फुगलेला, तयार. तार जराशी थरथरली. तेवढ्याने माझं तोंड उघडत नाही.

वळणावर धोक्याची खूण करायला उभा असलेला झेंडेवाला झेंडा टाकून धावत आला. त्याने वहिनींनी रंगवलेला बाण बघितला आणि बाहेरची मूठ सगळ्या ताकदीने ओढली. मी उघडलो. पाच वर्षं साठवलेलं सगळं मी दोन्ही तोट्यांतून ओतलं. इंजिनावर, गिअरवर, त्यांच्या मांडीवर, त्या हातावर. आग बसली. वीस सेकंदांत मी रिकामा झालो. माणसं आली, पट्ट्या कापल्या, वहिनींना दुसऱ्या दाराने बाहेर काढलं. दादा धावत आले तेव्हा त्या म्हणाल्या, "मूठ कुठे गेली हो?"

त्या वाचल्या. सगळे म्हणाले, बाटल्याने जीव वाचवला. कुणीतरी माझा फोटोही काढला. पण उजव्या हाताची कातडी मोज्यासकट भाजली होती. तीन शस्त्रक्रिया झाल्या. अंगठा आणि एक बोट सोडलं तर बाकीची बोटं आत वळली ती वळलीच. त्या हातात ब्रश धरता येत नाही.

वन्सं बाबांना शेजाऱ्यांवर सोपवून दुसऱ्याच दिवशी आल्या. आधी दवाखान्यात गेल्या, तिथून सरळ शेडमध्ये. जळकी गाडी तिथे ओढून आणून ठेवली होती. त्यांनी दार उघडलं, खांद्यामागच्या नळीला लोंबणारी वितळकी प्लास्टिकची पट्टी बघितली. मग त्या काजळीने भरलेल्या सीटवर बसल्या. कापलेल्या पट्ट्यांची टोकं डाव्या हाताने ओढून छातीशी घट्ट धरली, डोळे मिटले आणि उजवा हात मागे टाकला. पोचला नाही. पुन्हा टाकला. बोटांची टोकं तेवढी टेकली.

दादा दारात उभे होते. दोन दिवसांची दाढी, अंगात तोच शर्ट.

"तू पोचतो म्हणालास," वन्सं म्हणाल्या. डोळे अजून मिटलेलेच.

"पोचत होता गं. मी पट्ट्या न बांधता बघितलं होतं."

बाहेर दुकानात कुणीतरी टायरमध्ये हवा भरत होतं.

"मी जर तेव्हा खरं सांगितलं असतं," दादा म्हणाले, "म्हणजे, पट्ट्या बांधून बघितलं नाही असं... तर काय केलं असतंस? तू तर तिकडे होतीस."

"संध्याकाळच्या गाडीने आले असते. एक पट्टी वेल्ड करायची आणि दोन बोल्ट. अर्ध्या तासाचं काम होतं, दादा. सकाळच्या गाडीने परत गेले असते."

दादा तिथेच जमिनीवर बसले. रडताना माणसाचा आवाज होत नाही तेव्हा ते बघणं फार अवघड असतं.

वन्संनी मला सोडवलं ते त्याच संध्याकाळी. करपलेला बाटला पुन्हा भरता येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी मला फडक्यात गुंडाळून आपल्या हत्यारांच्या पेटीशेजारी ठेवलं. गाडीचे सुटे भाग लोक घेऊन गेले, उरलेला सांगाडा भंगारात गेला. शेडही बंद झाली. बाबा चालू लागल्यावर वन्संनी शेडच्याच गावात दुसरीकडे एक खोली घेतली. आता त्या लोकांच्या गाड्यांत माझ्यासारखे बाटले बसवतात.

वहिनी एकदा त्या खोलीत आल्या होत्या. नवी पाटी रंगवायला म्हणून स्वतःहून आल्या. ब्रश डाव्या हातात धरला. पहिलं अक्षर झालं. दुसऱ्याची मात्रा वाकडी गेली. त्यांनी ती फडक्याने पुसली, पुन्हा काढली, पुन्हा पुसली.

"राहू दे ना, वहिनी. छापून आणू," वन्सं हळूच म्हणाल्या.

"हो, छापूनच आणा, वन्सं," वहिनी म्हणाल्या आणि ब्रश पाण्यात घातला. मग थोड्या वेळाने, ब्रश धुता धुता, "त्यांना काही बोलू नका हो. मीही बसून बघितलं नव्हतं. मी त्यांना तसं सांगते, तर ते जास्तच गप्प होतात. घरात दोघं असतो आणि घड्याळाचा आवाज ऐकत बसतो."

वहिनी गेल्यावर वन्संनी ते एक अक्षर पुसलं नाही. फळी उलटी करून भिंतीला टेकवून ठेवली.

शर्यतीच्या रविवारी वन्सं मला बरोबर नेतात. टेबलावर, सगळ्यांना दिसेल असा ठेवतात. माझी करपलेली बाजू पुढे. चालवणारे येतात, बघतात, काही जण बोट लावतात. त्यांना त्या फारसं काही सांगत नाहीत. प्रत्येकाला गाडीत बसवतात, पट्ट्या आवळतात आणि डोळे मिटायला लावतात. रांग खोळंबली तरी खोळंबू देतात. कपाळावर चष्मा चढवलेले ते तपासनीस आता मध्ये बोलत नाहीत. मागून भोंगा वाजला तर तेच जाऊन वाजवणाऱ्याला गप्प करतात.

मित्रांनो, म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. माझ्यासारखं काही तुमच्या घरात, शाळेत, गाडीत असेल तर त्याला नुसतं पुसून चकचकीत ठेवू नका. ते कुठे आहे ते हाताने शोधून बघा, अडचणीत असल्यासारखं बसून शोधून बघा. ज्याला ते वापरावं लागणार आहे त्याच्याच हाताने बघा. आणि कुणी दुरून काळजीने विचारलं, की नीट आहे ना, तर त्याला बरं वाटावं म्हणून उत्तर देऊ नका. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. ते ऐकून येणारं माणूस येतं.

दादांनी इंजिनाचं काम सोडलं. आता ते शर्यतीत झेंडेवाल्यांच्या तुकडीत असतात. अंगात जाड, आग न धरणारा कोट, पायाशी बाटला. कुणी सांगितलं नव्हतं, पण डावीकडचं ते वळण त्यांनी मागून घेतलं. दिवसभर उन्हात तिथे उभे असतात, शेवटची गाडी आत येईपर्यंत. माझ्या टेबलावरून ते वळण दिसतं. शर्यत सुरू होण्याआधी दादा इकडे बघून हात वर करतात. काही रविवारी वन्सं हात वर करतात. काही रविवारी त्या खाली बघून कुणाच्या तरी पट्ट्या आवळत राहतात, आणि दादांचा हात बराच वेळ वरच राहतो.